आखाजीचा मुराळी

गाडी बंद पडायचीच होती तर एरंडोलात पडायची! चहा मिळाला असता, सावली मिळाली असती, एखादा मेकॅनिकही मिळाला असता. पण रूपाच्या स्कुटीला एवढी समज कुठली? एरंडोल मागे टाकून, पारोळा अजून लांब असताना, दोन्हीकडे नांगरून पडलेली काळी रानं आणि डोक्यावर एप्रिलचं ऊन, अशा जागी तिने मान टाकली. रूपाने दहा वेळा किक मारली, दोनदा विनवण्या केल्या आणि एकदा चांगली शिवी दिली. शिवी नेमकी मागे येऊन थांबलेल्या पिकअपवाल्याने ऐकली.

“मला नाही ना म्हणालात?” खिडकीतून प्रश्न आला.

स्कार्फमधून तिचे फक्त डोळे दिसत होते, म्हणून बरं. बाकीचा चेहरा लालबुंद झाला होता.

“गाडीला म्हणाले.”

“मग ठीक आहे. गाडीला कळत नाही.” तो उतरला. तिशीतला, उन्हाने रापलेला, हसला की आधी डोळ्यांनी हसणारा. त्याने स्कुटीकडे एक नजर टाकली, वायर ओढून पाहिली आणि मान हलवली. “ही आता शहाण्या माणसाच्या हातात द्यावी लागेल. कुठे जायचंय?”

“पारोळ्याच्या पुढे. फाट्यावर सोडलंत तरी चालेल.”

“मी तिकडंच चाललोय.”

मागे केळीचे रिकामे क्रेट रचलेले होते. रावेरचा माल जळगावात उतरवून तो घराकडे परत निघाला होता. क्रेट बाजूला सारून त्याने स्कुटी आडवी चढवली, दोरीने बांधली आणि पुढचं दार उघडून धरलं. आत पिकल्या केळीचा गोडसर वास कोंडला होता. रूपा बसली, स्कार्फ सोडला, आणि त्याने तिच्याकडे पाहिलं… आणि मग, उगाचच, बराच वेळ आरशात पाहिलं.

“हा घ्या,” म्हणत त्याने डॅशबोर्डवरून एक कांदा उचलून तिच्या हातात ठेवला.

“हे काय?”

“खिशात ठेवा. ऊन बाधत नाही.”

“लोक फुलं देतात हो…” रूपाच्या तोंडून निसटलं, आणि निसटल्यावर तिला स्वतःचाच गळा धरावासा वाटला.

“फुलं या उन्हात टिकत नाहीत,” तो गंभीरपणे म्हणाला. “कांदा टिकतो.”

त्याचं नाव कुंदन. धुळ्याजवळच्या खेड्यातला, स्वतःची पिकअप, रावेर-धुळे फेऱ्या. तिचं नाव रूपा. जळगावात पिंप्राळ्याला आईवडिलांजवळ राहते, एका संस्थेत काम करते.

“काम कसलं?”

“मुलांसाठी घरं शोधते. आईबाप आजारी आहेत, कोणी तुरुंगात आहे, कोणाचं कोणीच नाही… अशी मुलं आश्रमात ठेवण्यापेक्षा एखाद्या घरात राहावीत. प्रतिपालक कुटुंब म्हणतात त्याला.”

“दत्तक.”

“नाही, तिथेच सगळे चुकतात! दत्तक कायमचं असतं. हे काही महिने, काही वर्षं. आईबाप सावरले की मूल आपल्या घरी परत.”

“आणि ज्यांनी सांभाळलं, त्यांनी काय करायचं?”

“त्यांनी…” रूपा अडखळली. “दुसरं मूल घ्यायचं.”

“भारी सोपं आहे,” कुंदन म्हणाला.

टोमणा होता, पण त्याच्या आवाजात काटा नव्हता. म्हणूनच असेल, रूपा बोलत सुटली. रूपा एकदा बोलायला लागली की थांबवणं तिच्या आईलाही जमलेलं नाही. तिने सांगितलं की दोन भावंडं आहेत, वैष्णवी नऊची, चेतन पाचचा. चेतन बहिणीच्या फ्रॉकचं टोक धरल्याशिवाय झोपत नाही. आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आत घर मिळालं नाही, तर ती मुलींच्या बालगृहात आणि तो मुलांच्या बालगृहात, कारण तिथे मुलं-मुली वेगळी ठेवतात. दोघांना एकत्र घेईल असं एकच घर तिच्या डोळ्यांसमोर होतं.

“पण त्या बाई! इतक्या हट्टी, इतक्या हट्टी! तीन वर्षं एक पोरगी सांभाळली, काय सुंदर सांभाळली. ती आईकडे गेली आणि यांनी दारच लावून घेतलं. मी दोनदा येऊन गेले. पण आज मी ठरवून आलेय. आधी नवऱ्याला फितवायचं. ते साधे आहेत, चहा पुढे आला की कशालाही मान डोलावतात.”

कुंदन खोकला. मग बराच वेळ रस्त्याकडे फारच लक्ष देऊन गाडी चालवत राहिला.

फाटा आला. गाडी थांबली नाही. “अहो, फाटा…” “सोडतो की दारापर्यंत.” गाव आलं. त्याने पत्ता विचारला नाही. मारुतीच्या पारावरून वळला, पाण्याच्या टाकीजवळून वळला आणि थेट त्या हिरव्या दारापुढे उभा राहिला. तेव्हा कुठे रूपाला शंका आली.

“तुम्हाला कसं…”

कुंदन उतरला आणि दारातूनच हाक मारली, “दाजी, चहा ठेवा! तुम्हाला फितवायला पाहुणे आलेत!”

ती हट्टी बाई म्हणजे भिकुबाई, त्याची सख्खी थोरली बहीण होती.

“आधी सांगायचं नाही?” रूपा दात आवळून पुटपुटली.

“तुम्ही थांबलात कुठे?” तो तितक्याच हळू म्हणाला.

भिकुबाई बाहेर आली. उंच, हाडापेराने मजबूत, कपाळावर ठसठशीत कुंकू. दोघांना एकत्र पाहून तिच्या भुवया वर गेल्या.

“तू ऊनी का परत? मी सांगेल शे ना तुले, आते मना घरमा पोरं नको.” मग भावाकडे वळून, “आनि तू मुराळी बनीसन ऊना व्हशी. मी नही येवाव आवंदा.”

आखाजीला सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, आणि त्यांना आणायला जो भाऊ जातो तो मुराळी. बारा-तेरा वर्षांचा असल्यापासून कुंदन दर आखाजीला या दारात येत होता आणि भिकुबाई पिशवी भरून तयार बसलेली असायची. आज पहिल्यांदा ती नाही म्हणत होती.

“का वं अक्का?”

“कसाले येऊ? झोका खेवाले?” ती म्हणाली, आणि आत निघून गेली.

झुलालदाजींनी चहा आणला. ते खरंच साधे होते. रूपाच्या प्रत्येक वाक्याला त्यांनी मान डोलावली आणि शेवटी म्हणाले, “ताई, मना होकार शे. पन ती कोनंच आयकस नही.”

मग रूपा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जाऊन बसली. भिकुबाई तांदूळ निवडत होती. रूपाने वैष्णवी-चेतनचं सगळं सांगितलं, फ्रॉकच्या टोकासकट. भिकुबाईचे हात थांबले नाहीत. पण मग ती बोलली, आणि असं बोलली की रूपाला मान वर करता येईना.

“पोर देवाले दहा दाव उनात तुम्ही. लई जावाना दिन एक सही लिधी आनि गयात. मंग कोनी ऊनं का? रोशनी जेवस का, झोपस का, कोनी सांगं का माले? तिले रातले पानी लागस, ते तरी कोनी तिनी मायले सांगं का?” तिने ताट बाजूला सारलं. “तुम्ही म्हंतस, घरं टिकतस नही. तुम्ही कोठे टिकतस? तीन वरीसमा तीन बाया बदलन्यात. तू तिसरी.”

मूल द्यायला दहा वेळा आलेली संस्था ते न्यायच्या दिवशी एक सही घेऊन गेली आणि पुन्हा फिरकली नाही, हे खरंच होतं. आणि एक गोष्ट तिने त्या घरात कोणालाच सांगितली नव्हती. पुण्याच्या एका मोठ्या संस्थेत तिची निवड झाली होती, आखाजीनंतर रुजू व्हायचं होतं. चौथी बाई लवकरच येणार होती.

दोघंही नकार घेऊन बाहेर पडले. कुंदनने पारोळ्यात स्कुटी दुरुस्तीला टाकली आणि समोरच्या रसवंतीत दोन ग्लास मागवले. घुंगरांचा आवाज करत चरक फिरत होता. रूपा गप्प होती. ती गप्प बसली की कसं दिसतं, हे कुंदन पहिल्यांदाच पाहत होता, आणि त्याला ते अजिबात आवडलं नाही.

“लेक सासरी जाते तेव्हा माय रडते ना?” तो एकदम म्हणाला.

“रडते.”

“पण म्हणून कोणी लेकी वाढवायच्या थांबत नाही. कारण माहीत असतं… आखाजीला मुराळी जाणार, लेक येणार. तुम्ही रोशनीला नेलं ते बरोबरच होतं. पण तिच्यासाठी मुराळ्याची वाट ठेवलीच नाही. अक्का पोर गेली म्हणून नाही रडत हो. ती येणारच नाही म्हणून रडते.”

रूपाने ग्लास खाली ठेवला. पाच वर्षं या कामात होती ती. प्रशिक्षणं घेतली होती, दिली होती. आणि इतकं सरळ कोणी तिला कधी सांगितलं नव्हतं.

“मग तुम्ही व्हाल मुराळी?” ती म्हणाली.

“कोणाचा?”

“रोशनीचा. मी परवानगी काढते. तुम्ही गाडी काढा, कुंदनभाऊ.”

“गाडी काढतो,” तो म्हणाला. मग कानामागे खाजवत, “तेवढं भाऊ काढून टाका.”

रसात मीठ जास्त झालं होतं की काय, रूपाला एकदम ठसका लागला.

जळगावात रतिलाल सर, म्हणजे तिचे वरिष्ठ, आधी नाहीच म्हणाले. मूल आईकडे परत गेलं की आपलं काम संपलं, असं काही कधी केलेलं नाही, बालकल्याण समिती विचारेल. “विचारू दे ना सर,” रूपा म्हणाली, “आपण एकदा तरी विचारलं का, की सांभाळणाऱ्यांचं काय होतं?” ती त्यांच्या टेबलाशी उभीच राहिली. समितीला विचारून झालं तेव्हा उत्तर आलं, की आईची राजीखुशी असेल तर हरकत नाही. सरांनी पाण्याचा ग्लास संपवला आणि म्हणाले, “धुळ्याला जाऊन या. पण जबरदस्ती नको.”

धुळ्यात रोशनीची आई सुनंदा शेंगदाण्याच्या कारखान्यात निवडायचं काम करत होती. तीन वर्षं आजारपणात काढून ती उभी राहिली होती. कारखान्यालगतच तिची एकच खोली, पण लख्ख. रोशनी शाळेत होती. कुंदन दारातच अवघडून उभा राहिला आणि रूपाने आखाजीचा विषय काढला. सुनंदाचा चेहरा क्षणात मिटला.

“नको ताई. ते मोठं घर, दूधदुभतं, झोका. इथे काय आहे? आठ दिवस तिथे राहिली की तिला मी नको होईन.” तिचा आवाज कापला. “आधीच झोपेत ती अक्का म्हणते. आई नाही म्हणत.”

जबरदस्ती करायची नव्हती, आणि करावीशी वाटतही नव्हती. त्या बाईची भीती खोटी नव्हती. ती उठणार, तेवढ्यात कुंदन आत आला आणि सरळ जमिनीवर मांडी घालून बसला.

“ताई, तुनं माहेर कोनतं?”

सुनंदा दचकली. मग खाली बघत म्हणाली, “व्हतं. मन मरजीनं लगीन करं, तधळपासून दार बंद शे.”

“मंग आखाजीले तुले लेवाले कोनी येत नही?”

“माले कोन ई, भाऊ?”

“मी येल शे ना,” कुंदन म्हणाला. “रोशनीले लेवाले नही. तुले. लेकमांगे नात येस तशी रोशनी ई. अक्कानं घर तुनं माहेर समज.”

सुनंदाने पदर तोंडाला लावला. दहा वर्षांत तिच्या दारात मुराळी आला नव्हता, आणि आज आला होता तो केळीच्या पिकअपमधून, शर्टाला चिकाचे डाग घेऊन. ती रडली, रूपाही रडली. आणि कुंदन, ज्याने हे सगळं केलं, तो घाबरून बाहेर जाऊन गाडीची चाकं तपासत बसला.

रूपा बाहेर आली तेव्हा आभाळ भरून वळवाचे चार थेंब पडले. तापल्या रस्त्याची वाफ उठली. दोघं कारखान्याच्या पत्र्याखाली उभे राहिले. पत्रा अरुंद होता, म्हणून जवळ उभं राहावं लागलं. तसा तो फार अरुंदही नव्हता.

“हे तुम्ही आधी ठरवलं होतं?”

“नाही. ती रडायला लागली, मग सुचलं. मला बाई रडली की काही समजत नाही, जे येईल ते बोलतो.”

“बरं बोलता.”

“तुम्ही हसलात की मात्र काहीच बोलता येत नाही,” तो म्हणाला, आणि लगेच पत्र्यावरच्या पाण्याकडे बघायला लागला.

रूपाचं काळीज असं धडधडलं की तिला वाटलं, आता हेही ऐकू जाईल. आणि नेमकं तेव्हाच, प्रामाणिकपणाचा झटका आल्यासारखं, तिने सांगून टाकलं, “मी पुण्याला चाललेय. आखाजीनंतर. नवी नोकरी…”

थेंब थांबले, पुन्हा ऊन पडलं. कुंदनने शर्टावरचे थेंब झटकले. मग म्हणाला, “चांगलं आहे. मोठं काम असेल.” आणि तिला जागा द्यावी तसा तो पत्र्याबाहेर उन्हात जाऊन उभा राहिला.

आखाजीच्या दिवशी भिकुबाई हिरव्या दाराशी घागर पुजत होती. पिकअप थांबली. आधी रोशनी उतरली, फ्रॉक आता आखूड झालेला, दोन वेण्या. उतरली आणि जागेवरच थबकली. भिकुबाईच्या हातातलं फूल घागरीत पडायचं ते बाहेरच पडलं.

“अक्का, मी उंच झाले,” रोशनी म्हणाली. इतकंच.

भिकुबाईने तिला उचललं, एवढ्या मोठ्या पोरीला, आणि तोंड तिच्या खांद्यात खुपसलं. मग गाडीत बसून राहिलेली सुनंदा तिला दिसली. दोन्ही बाया एकमेकींकडे बघत राहिल्या. एक वर्ष दोघी एकमेकींना घाबरून होत्या, हे तेव्हा कोणाच्याही लक्षात आलं असतं.

कुंदन म्हणाला, “अक्का, लेक लयेल शे तुनी. पाय धोवाले पानी दे.”

भिकुबाईने पाणी आणलं. सुनंदाचे पाय तिने स्वतः धुतले, भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि म्हणाली, “ये वं माय. रातले पानी देस का रोशनीले?”

“देते ना. उशाशी तांब्या ठेवते.”

“मंग ठीक शे,” भिकुबाई म्हणाली, आणि तिच्या छातीवरचं ओझं उतरल्याचं सगळ्या गल्लीला दिसलं.

दुपारी खापरावरच्या पुरणपोळ्या झाल्या, पातेलंभर रस झाला. अंगणातल्या लिंबाला झोका होता. आधी रोशनी बसली, मग गल्लीतल्या बायांनी सुनंदाला बळेच बसवलं. माहेरवाशिणी गाणी म्हणत होत्या आणि सुनंदा, लाजत लाजत, वर वर जात होती. भिकुबाई ओट्यावर बसून बघत होती. तिने रूपाला शेजारी बोलावलं. सकाळपासून तिने रूपाचं मूळ गाव, मामाचं गाव, आत्या कुठे दिल्यात, सगळं विचारून घेतलं होतं. खानदेशात हे प्रश्न उगाच विचारत नाहीत, पण रूपाचं लक्ष दुसरीकडे होतं. कुंदन सकाळपासून तिच्याशी एक अक्षर बोलला नव्हता.

“त्या दोन्ही लेकरंसले आन,” भिकुबाई म्हणाली.

रूपाला आधी कळलंच नाही. “काय?”

“वैष्णवी आनि चेतन. एकेकले नही, दोन्हीसले आन. त्यासनं कोनी मोठं सावरनं तर जातीन, जावालेच पायजे. मी मुराळी धाडसू.” मग तिने रूपाचा हात धरला. “पन मनी एक अट शे. लेकरं जातीन, ते मी सोसी लेसू. तू जावाव नही. चौथी बाई माले नको.”

“हो” म्हणणं सोपं होतं. खोटं “हो” तर फारच सोपं, पोरांचं घर आजच्या आज पक्कं झालं असतं. ती झोक्याकडे बघत राहिली. पुण्याचं काम मोठं होतं, पगार, नाव, सगळं होतं. पण तिथे बसून ती कुटुंबं का टिकत नाहीत यावर बोलली असती, आणि इथे एक कुटुंब तिचा हात धरून विचारत होतं की तू टिकशील का. आणि खरं सांगायचं तर, पत्र्याखालून उन्हात गेलेला तो माणूस तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. तेही एक कारण होतं, आणि ते मान्य करायला तिला लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही.

“अक्का, मला दोन मिनिटं द्या.”

ती गोठ्यामागे गेली, पुण्याला फोन लावला, माफी मागितली, आभार मानले आणि परत येऊन म्हणाली, “मी आहे. कुठे जात नाही.”

भिकुबाईने फक्त मान हलवली, आणि भरलेली रसाची वाटी तिच्या हातात दिली.

वैष्णवी आणि चेतन यायला पुढे तीन आठवडे गेले. समितीचा आदेश निघायचा होता; घर ठरल्यामुळे तोवर भावंडांना वेगळं केलं नव्हतं. तोवर रूपा पाच-सहा घरांना भेटून आली, मुलं सांभाळून मग गप्प झालेल्या घरांना, आणि प्रत्येक ठिकाणी तिने पहिला प्रश्न एकच विचारला, की तुमचं काय चाललंय. रूपा पुण्याला जात नाही हे कळल्यापासून कुंदनचे फोन येत होते. केळीचा भाव, रस्त्यावरचे खड्डे, अक्काचा निरोप. मुद्द्याचं तेवढं तो काढत नव्हता.

मुलांना आणायला पिकअपच गेली. परतीच्या वाटेवर चौघं पुढे दाटीवाटीने बसले. चेतनच्या मुठीत वैष्णवीच्या फ्रॉकचं टोक होतं. हिरव्या दारापुढे भिकुबाई आणि झुलालदाजी उभे होते. वैष्णवी उतरली. चेतन मात्र सीटला चिकटून बसला आणि रूपाला म्हणाला, “तू पण इथेच राहणार?”

“मी येत-जात राहीन.”

“आणि हा काका?”

“तो पण येत-जात.”

चेतनला हे काही पटलं नाही. “मग तुम्ही दोघं राहता कुठे?”

कुंदन गिअरकडे बघत म्हणाला, “अजून वेगवेगळे राहतो रे. पुढचं… अक्का ठरवेल.”

“अक्काने कशाला?” रूपा म्हणाली. तिचे कान तापले होते, पण आवाज स्वच्छ होता. “मी ठरवलंय. तुम्ही विचारायची वाट बघतेय, तीन आठवडे.”

कुंदनने तिच्याकडे पाहिलं. डोळे हसले, मग सगळा चेहरा हसला, आणि शब्द मात्र एकही फुटेना. तो बोलेल म्हणून रूपा थांबली. चेतन थांबला. शेवटी कुंदनने हात पुढे केला आणि तिने तो धरला, मुलाच्या डोक्यावरून, घट्ट.

“अक्का!” चेतन खिडकीतून ओरडला, आयुष्यात पहिल्यांदा त्या बाईला हाक मारत. “हे दोघं उतरतच नाहीयेत!”